पोळा ते आखाजी: खान्देशात वटवट्या शोधावा कसा, नोंदवावा कसा

बाभळीत काहीतरी हललं, ‘चक’ असा एक आवाज आला आणि पुन्हा सगळं शांत. तापीवरच्या हतनूर धरणावर पहिल्यांदा आलेला माणूस अशा वेळी पाण्याकडे वळतो. तिकडे बदकं असतात, करकोचे असतात, डोळ्यांत भरतील असे मोठे पक्षी असतात. मीही पहिले दोन हिवाळे फक्त बदकं पाहिली. बाभळीतल्या त्या ‘चक’कडे लक्ष गेलं तिसऱ्या वर्षी. तेव्हापासून माझा हंगाम पोळ्याला सुरू होतो आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, संपतो.

तो ‘चक’ वटवट्याचा. वटवटे म्हणजे इंग्रजीतले वॉर्बलर, झाडीत किडे टिपणारे चिमणीहून लहान पक्षी. पोळा सरला की स्थलांतरित वटवटे आपल्याकडे उतरू लागतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये त्यांची गर्दी असते. काही इथेच हिवाळा काढतात, काही दोन-चार दिवस खाऊन-पिऊन पुढे दक्षिणेला जातात. मार्च-एप्रिलमध्ये परतीची वाहतूक सुरू होते, आणि आखाजीला झाडांना झोके बांधले जातात तोवर बहुतेक निघून गेलेले असतात. त्यातला ब्लाइथ्स रीड वॉर्बलर पार फिनलंडपासून सायबेरियापर्यंतच्या पट्ट्यात घरटी करतो आणि हिवाळ्याला मुख्यतः भारतीय उपखंडातच येतो. ग्रीनिश वॉर्बलरचं वजन साधारण दहा रुपयांच्या एका नाण्याएवढं. एवढासा जीव आपल्या शिवारातल्या निंबावर येऊन बसतो, आणि आपण त्याला ‘कोणतीतरी चिमणी’ म्हणून सोडून देतो. याची मला खरंच हळहळ वाटते, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आधी घरचे पक्षी पाठ करा

पाहुणा ओळखायचा तर घरची माणसं माहीत हवीत. जुलै-ऑगस्टमध्ये, स्थलांतरित यायच्या आधी, एक महिना फक्त चार पक्ष्यांना द्या: शिंपी, राखी वटवट्या, चष्मेवाला आणि शिंजीरची मादी. नवख्यांच्या निम्म्याहून जास्त चुका मी याच चौघांमुळे होताना पाहिल्या आहेत. शिंपी आणि राखी वटवट्या आपली लांब शेपटी उभी धरतात, सारखी हलवतात. चष्मेवाल्याच्या डोळ्याभोवती पांढरं कडं असतं. शिंजीरच्या मादीची चोच बाकदार असते. हे चौघं आवाजावरून, न पाहता ओळखू आले की तुम्ही तयार झालात. त्यांच्या शेपटीची लांबी, चालण्याची ढब हीच पुढे तुमची मोजपट्टी होते.

साहित्य फार लागत नाही. ८×४२ ची, म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी, दुर्बीण पुरेशी आहे. जास्त पटीची घेऊ नका; पानांत धावणारा पक्षी तिच्यात सापडतच नाही. खिशात मावेल अशी वही आणि पेन्सिल घ्या, कारण शाई घामाने आणि दवाने फुटते. आवाज टिपायला साधा मोबाइल चालतो. कॅमेरा पहिल्या वर्षी नसला तर बरंच. हातात कॅमेरा असला की माणूस पक्षी बघायचं सोडून फोटोच्या मागे लागतो.

जागा: मोठं रान सोडा, बांध धरा

लोक विचारतात, वटवटे बघायला कुठे जायचं? मी म्हणतो, आधी आपल्या गावच्या नाल्यावर जा. वटवट्याला लागतात किडे, आडोसा आणि जवळपास पाणी. तिन्ही एकत्र मिळाले की शेताचा बांधही चालतो. बाभूळ, हिवर, बोर, निंब यांची रांग, खाली थोडं गवत आणि बाजूला पाटचारी, अशी जागा निवडा. फुललेली बाभूळ दिसली तर तिथून हलूच नका. पिवळ्या फुलांवर बारीक किडे घोंघावतात आणि त्यांच्या मागे वटवटे येतात.

रावेर-यावलच्या केळी पट्ट्यात वारा अडवायला बागेभोवती शेवरी किंवा गजराज गवत लावतात. ती आड सकाळी सात वाजता हळूहळू चालत पाहा. धुळे जिल्ह्यात पांझरेवर जुन्या फड बागायतीचे (गावाने मिळून नदीचं पाणी शेतांना वाटून घेण्याच्या पद्धतीचे) पाट आहेत. पाटाकाठची झाडं अशीच कामाची. हतनूरला आणि चांगदेवजवळ तापी-पूर्णेच्या संगमाकडे काठावर पाणकणीस (पाण्यातलं उंच गवत) आहे, तिथे रीड वॉर्बलर शोधायचे. शिरपूर तालुक्यातलं अनेर, यावल अभयारण्यातलं पाल, चाळीसगावकडचं पाटणादेवी आणि नंदुरबारमधलं तोरणमाळ ही झाडीची आणि डोंगराची ठिकाणं. अभयारण्यात जाताना वनखात्याची परवानगी घ्या आणि एकटे जाऊ नका.

मात्र या सगळ्यापेक्षा महत्त्वाची आहे ती तुमची ‘रोजची जागा’. घरापासून पायी पोचता येईल असा अर्धा किलोमीटरचा तुकडा ठरवा आणि तिथे आठवड्यातून किमान दोनदा जा. वर्षातून एकदा तोरणमाळला जाऊन जे कळत नाही ते या अर्ध्या किलोमीटरात कळतं.

शेतात शिरण्याआधी विचारायचं, हे ओघाने आलंच. दुर्बीण गळ्यात घालून कपाशीच्या कडेला उभं राहिलं की कोणीतरी हाक मारतंच, “काय देखी राहिना भाऊ?” थांबायचं, दुर्बीण त्यांच्या हातात द्यायची, “पाखरं देखी राहिनू दादा, बारीक किडा खातस ही” एवढं सांगायचं. पुढच्या वेळी तेच दादा तुम्हाला सांगतात की विहिरीजवळच्या बोरीत काल काहीतरी वेगळं बोलत होतं. कपाशीवर फवारणी चालू असेल त्या दिवशी मात्र त्या शेताकडे फिरकू नका.

उभं कसं राहायचं

वटवटे रात्री उडतात आणि पहाटे जिथे हिरवं दिसेल तिथे उतरतात. रात्रभराच्या प्रवासाने ते भुकेले असतात, म्हणून उजाडल्यापासूनचे पहिले दोन तास सगळ्यांत चांगले. पावसाची झड उघडून आकाश मोकळं झालेल्या रात्रीनंतरची सकाळ चुकवू नका.

झाडापासून दहा-पंधरा पावलांवर, ऊन पाठीवर घेऊन उभे राहा. दुर्बीण खाली ठेवा. नुसत्या डोळ्यांनी पूर्ण झाड बघा आणि पान हलतंय का ते पाहा. वारा नसताना एकच पान हललं तर तिथे कोणीतरी आहे. नजर न हलवता दुर्बीण डोळ्यांसमोर आणा. हे जमायला आठवडा लागतो, घाई करू नका. एका झाडाला किमान दहा मिनिटं द्या. पक्षी गेला असं वाटलं तरी थांबा. तो बहुधा खालच्या झुडपातून वर सरकत पुन्हा शेंड्याला येतो.

झाडाला धक्का देऊन, खडे मारून पक्षी बाहेर काढायचा नाही. मोबाइलवर त्याचा आवाज वाजवूनही बोलावायचं नाही. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पाखराची ती पहिली न्याहारी असते.

कान आधी, डोळे नंतर

वटवट्यांचं मराठी नाव त्यांच्या वटवटीवरून पडलं, आणि ओळखही तिथूनच सुरू होते. हिवाळ्यात ते फारसे गात नाहीत, एखादा सुटा शब्द पुन्हा पुन्हा बोलतात. तो शब्द पकडायचा.

बांधावर सतत ऐकू येणारा कोरडा, ठसठशीत ‘चक… चक’ हा बहुधा ब्लाइथ्स रीड वॉर्बलर. दोन दगड हलकेच एकमेकांवर आपटल्यासारखा ‘टक’ बाभळीतून आला तर लेसर व्हाइटथ्रोट असू शकतो. उंच झाडाच्या शेंड्यातून ‘चिस्-ली’ असं दोन तुकड्यांत, जरा वर चढलेलं ऐकू आलं तर ग्रीनिश. पाण्याकाठच्या झाडातून ‘हुईप’सारखी बारीक, थोडी रडवी शीळ आली तर चिफचॅफ. पाणकणसातून जाड, घोगरा, जोरदार आवाज आला तर क्लॅमरस रीड वॉर्बलर. तो जवळपास बुलबुलाएवढा मोठा असतो.

हे शब्द माझ्या कानाने लिहिलेत. तुमचा कान वेगळं ऐकेल, म्हणून तुमच्या वहीत तुमचे शब्द लिहा. मर्लिनसारखं ॲप आवाज ऐकून नाव सुचवतं, ते शिकायला चांगलं आहे. पण एका ‘चक’वरून ते सुचवेल ते नाव नोंद म्हणून धरू नका. ॲपने सुचवलं, मग मी पाहिलं, मग मी ठरवलं, हा क्रम ठेवा.

दिसला की काय पाहायचं

तीन सेकंद मिळतात. त्यात रंग पाहायला जाऊ नका. उन्हात, पानांच्या हिरव्या उजेडात रंग फसवतो. मी या क्रमाने बघतो: भुवई, पंखावरची पट्टी, चोच आणि पाय, मग शेपटी.

डोळ्यावर फिकट भुवई आहे का? ती डोळ्याच्या मागे लांब जाते की पुढेच संपते? मिटलेल्या पंखावर आडवी फिकट रेघ आहे का, एक की दोन? पाय काळे की फिकट? शेपटीच्या कडेला पांढरं दिसलं का? या चार प्रश्नांत बहुतेक काम होतं.

लांब भुवई आणि पंखावर एक बारीक रेघ असलेला हिरवट पक्षी शेंड्यात फिरत असेल तर ग्रीनिश. त्याहून लहान, दोन रेघांचा, त्यातली एक ठळक, तर ह्यूम्स लीफ वॉर्बलर. पट्टी नाही, पाय आणि चोच काळी, शेपटी सारखी खाली झटकतोय, तर चिफचॅफ. डोंगराळ भागात, पाटणादेवी किंवा तोरणमाळच्या बाजूला, खडकांवर आणि झाडांच्या बुंध्यांवर नजर ठेवा. तिथे उंदरासारखा सरकत जाणारा, वरून गडद तपकिरी, पोटाखाली पिवळा आणि नारिंगी छटेची भुवई असलेला पक्षी दिसला तर तो सल्फर-बेलीड वॉर्बलर. नवख्यासाठी याच्याएवढा समाधान देणारा वटवट्या दुसरा नाही, कारण त्याची वागणूकच त्याचं नाव सांगते.

लेसर व्हाइटथ्रोटला राखाडी डोकं, गालावर गडद छटा आणि पांढराशुभ्र गळा असतो. तसाच पण अंगाने थोराड, जाड चोचीचा, आणि नर असेल तर काळं डोकं व फिकट डोळा, असा पक्षी कोरड्या काटेरी रानात दिसला तर ईस्टर्न ऑर्फियन.

ब्लाइथ्स रीड सगळीकडून सारखाच तपकिरी, भुवई आखूड आणि मुख्यतः डोळ्याच्या पुढेच. तो अनेकदा डोकं आणि शेपटी दोन्ही वर उचलून बसतो. परदेशातले पक्षीनिरीक्षक या बसण्याला केळ्याची उपमा देतात, आणि रावेरच्या माणसाला ते समजावून सांगावं लागत नाही. पॅडीफील्ड वॉर्बलर त्याच्यासारखाच, पण त्याची भुवई डोळ्यामागेही स्वच्छ जाते, वर गडद कड असते, आणि तो गवतात, पाणकणसात असतो.

खरी परीक्षा आहे ती बूटेड आणि साइक्स या जोडीची. दोन्ही फिकट, मातकट, बिनखुणेचे. साइक्सची चोच आणि शेपटी जरा लांब, चेहरा जास्त कोरा. कर्नल विल्यम साइक्स यांनी १८३२ मध्ये आपल्याच दख्खनच्या पक्ष्यांत याचं वर्णन केलं. पहिली दोन-तीन वर्षं या दोघांना वेगळं करायचा हट्ट धरू नका. काय करायचं ते पुढे सांगतो.

एक इशारा. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस आणि नेपती फुलतात, वटवटे त्या फुलांत तोंड घालतात आणि कपाळावर पराग चिकटतात. मग साध्या चिफचॅफचं कपाळ पिवळं दिसतं. पुस्तकात नसलेला रंग दिसला की आधी जवळ काय फुललंय ते बघा.

नोंद: शहाद्याचा धडा

आता मला जे सगळ्यांत मनापासून सांगायचं आहे ते. चांगली नोंद म्हणजे काय, हे खान्देशाइतकं दुसऱ्या कुठल्या मुलखाला कळणार नाही.

रानपिंगळा हा लहानसा घुबडवर्गीय पक्षी १८८४ नंतर कोणालाच खात्रीने मिळाला नव्हता. जेम्स डेव्हिडसन हे ब्रिटिश अधिकारी १८८०च्या दशकात खान्देशात होते. त्यांनी पश्चिम खान्देशातल्या पक्ष्यांची यादी १८८२ मध्ये प्रसिद्ध केली आणि रानपिंगळ्याचे नमुनेही गोळा केले. पुढे रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि पक्षीसंग्राहकाच्या संग्रहात एक नमुना निघाला, त्याच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं: १९१४, मांडवी, गुजरात. लोकांनी त्या चिठ्ठीवर विश्वास ठेवला आणि तिकडे शोध घेतला. पक्षी मिळाला नाही. पामेला रासमुसेन या अमेरिकी पक्षीतज्ज्ञांनी तो नमुना तपासला तेव्हा उलगडलं की तो डेव्हिडसनचाच, संग्रहालयातून चोरलेला आणि नवी चिठ्ठी लावलेला होता. मग खऱ्या चिठ्ठ्यांवरच्या जागांचा माग काढत रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट नंदुरबार जिल्ह्यातल्या शहाद्याजवळ आले, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये रानपिंगळा दिसला. ११३ वर्षांनी.

तारीख आणि जागा खरी लिहिणारा एक माणूस आणि खोटी लिहिणारा एक माणूस, दोघांच्या चिठ्ठ्यांचा परिणाम आपल्याच सातपुड्याच्या पायथ्याशी दिसला. म्हणून वही उघडताना मला नेहमी शहादा आठवतं.

नोंद जागेवरच करा. घरी जाऊन, चहा पिऊन, पुस्तक चाळून मग लिहिलं तर तुम्ही पुस्तकातलं लिहिता, पाहिलेलं नाही. आधी जे दिसलं ते लिहा, नाव सगळ्यांत शेवटी. माझ्या वहीतली एक नोंद अशी आहे:

‘११ ऑक्टो., स. ७.२०, पाटचारीच्या पूर्वेची बाभळीची रांग. आभाळ निरभ्र, वारा नाही. एक पक्षी, शिंप्याहून किंचित मोठा. डोकं राखाडी, गळा पांढरा, गाल गडद. पाय काळपट. पंखावर पट्टी नाही. बाभळीच्या फुलांत, माणसाच्या उंचीच्या दुप्पट उंचीवर. “टक” तीनदा. ४ मिनिटं पाहिला, अंतर १२ पावलं. शेपटी नीट दिसली नाही. लेसर व्हाइटथ्रोट.’

‘शेपटी नीट दिसली नाही’ हे वाक्य मला त्यात सगळ्यांत मोलाचं वाटतं. न दिसलेलं लिहिलं की उरलेल्यावर वाचणाऱ्याचा विश्वास बसतो.

फोटो काढत असाल तर धूसर फोटो पुसू नका. पंखाचं टोक, पाय, शेपटीखालची बाजू यांतलं एक जरी दिसत असलं तरी तो पुरावा आहे. कॅमेऱ्यातली तारीख-वेळ बरोबर आहे ना, हे हंगामाच्या सुरुवातीलाच तपासा. आवाज टिपताना मोबाइल पक्ष्याकडे धरून किमान अर्धा मिनिट गप्प उभे राहा आणि शेवटी स्वतःच्या आवाजात तारीख, वेळ, गाव बोला. बूटेड-साइक्ससारख्या, एकमेकांसारख्या दिसणाऱ्या जातींच्या बाबतीत आवाज बहुतेकदा फोटोपेक्षा जास्त सांगतो.

वहीतून ई-बर्डवर

नोंद वहीतच राहिली तर ती तुमच्यापुरती. अमेरिकेतल्या कॉर्नेल लॅबचं ई-बर्ड हे पक्ष्यांच्या नोंदी जमवणारं संकेतस्थळ २००२ पासून चालतं, भारतात त्याचं काम बर्ड काउंट इंडिया हा पक्षीनिरीक्षकांचा गट बघतो आणि मोबाइलवर ते मोफत आहे. सुरुवात १५ मिनिटांच्या यादीने करा. एका जागी उभे राहून, त्या वेळात दिसलेले आणि ऐकू आलेले, ओळखता आलेले सगळे पक्षी लिहा. साळुंकी, कावळा, होला, सगळे. फक्त वटवटे लिहिले आणि बाकी गाळले तर यादी ‘पूर्ण’ म्हणून नोंदवू नका. ॲप तसा प्रश्न विचारतं, त्याला खरं उत्तर द्या. पूर्ण यादीचा फायदा असा की त्यात वटवट्या नसणं हीसुद्धा माहिती ठरते.

आकडा टाका. ‘होते’ एवढंच सांगणारी खूण शक्यतो टाळा. झाडीत पक्षी मोजता येत नाहीत अशी तक्रार असते. मग वेगवेगळ्या जागांहून एकाच वेळी आलेले आवाज मोजा आणि तो किमान आकडा लिहा. जागा नेमकी लावा. दिवसभर भुसावळपासून यावलपर्यंत फिरून एकच यादी ‘जळगाव’ म्हणून टाकली तर तिचा अभ्यासाला उपयोग नाही. प्रत्येक थांब्याची वेगळी यादी करा.

बूटेड की साइक्स ठरत नसेल तर ‘बूटेड/साइक्स’ असा जोड पर्याय निवडा. लीफ वॉर्बलर आहे पण कोणता ते कळलं नाही, तर ‘फायलोस्कोपस जाती’ एवढंच. ही हार नाही, अचूक नोंद आहे. पडताळणी करणाऱ्याने तुमच्या नोंदीवर प्रश्न विचारला तर रागावू नका, वहीतलं वर्णन पाठवा. मलाही एकदा ऑर्फियनची नोंद मागे घ्यावी लागली; वहीत डोळ्याचा रंग लिहिलेला नव्हता आणि आठवणीवर सांगायची माझी तयारी नव्हती. घुबडांच्या ढोलीची, घरट्यांची नेमकी जागा मात्र कुठेही उघड करू नका.

फेब्रुवारीत चार दिवस ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट, म्हणजे जगभर एकाच वेळी पक्षी मोजण्याचा उपक्रम, असतो, भारत त्यात २०१३ पासून आहे. तोवर तुमचा एक हंगाम झालेला असेल, तेव्हा त्यात नक्की उतरा. खान्देशातून जितक्या याद्या जातील तितक्या कमीच आहेत.

शेवटची तारीख

पहिला वटवट्या कधी आला ते सगळे लिहितात. शेवटचा कधी गेला ते फार थोडे, कारण ती तारीख त्या दिवशी कळत नाही. एप्रिलमध्ये उन्हाचा चटका वाढला की निंबाखाली उभे राहून ऐका. ब्लाइथ्स रीड निघण्याआधी गायला लागतो, आणि गाण्यात दुसऱ्या पक्ष्यांचे सूर मिसळतो. हिवाळाभर एकच ‘चक’ ऐकलेल्या कानाला ते ओळखू येत नाही. एका सकाळी तो गप्प होतो. मग पुढचे आठ-दहा दिवस त्याच झाडाखाली, त्याच वेळी, १५ मिनिटांच्या पूर्ण याद्या करत राहायच्या. साळुंकी ४, होले २, शिंपी १, कोकीळ १, वटवट्या नाही. अशा पाच-सहा याद्या जमल्या की मागे जाऊन शेवटच्या ‘चक’च्या तारखेखाली रेघ ओढायची.